क्यूब हौदात, स्लॅब उन्हात

मार्च महिन्यातला रविवार होता. कांजूरमार्गच्या एका विहारात वंदना आटोपल्यावर एका झोपडपट्टी पुनर्वसन सोसायटीची कमिटी प्रस्तुत लेखकासमोर येऊन बसली. पाच-सहा माणसे, हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये फोटो. झोपड्या सोडून ही मंडळी तीन वर्षांपासून भाड्याच्या खोल्यांत दिवस काढत आहेत. त्यांच्या नव्या इमारतीचा पोडियम नुकताच उभा राहिला आहे. वरचे मजले अजून व्हायचे आहेत. पाहणीला गेले तेव्हा पोडियमच्या स्लॅबवर तिरप्या, तोकड्या भेगा दिसल्या. बाजूच्या लांब भिंतीवर उभ्या भेगा दिसल्या, त्याही ठराविक अंतरावर, जणू कोणी पट्टीने मापून आखल्या आहेत.

कमिटीने बिल्डरच्या इंजिनिअरला विचारले. उत्तर मिळाले, "काळजी करू नका. हे एम-६० काँक्रीट आहे, क्यूब सगळे पास आहेत. भेगा पडल्या त्या पाणी मारणाऱ्या बायांच्या हलगर्जीपणामुळे. त्यांची चार दिवसांची मजुरी आम्ही कापली आहे."

कमिटीतल्या बहुतेकांचे समाधान झाले होते. दोषी सापडला, शिक्षा झाली, विषय संपला. पण त्या दोन बायांपैकी एक बाई त्यांच्याच शेजारच्या चाळीत राहते. जालन्याकडची, पंधरा वर्षे बिगारी काम करणारी. कमिटीतल्या एका ताईने तिला बोलावून आणले. ती दाराशीच उभी राहिली. बस म्हटले तरी बसेना.

"वकीलसाहेब, स्लॅब दुपारी तीनला संपला. मुकादम म्हणाला, आता घरी जा, सकाळी सातला पाईप धरा. मी सातला आले तेव्हा रेघा होत्याच. मुकादमाला दाखवल्या, तर त्यानं सिमेंटचं पाणी वरून फिरवायला लावलं. मग माझी मजुरी कशापायी कापली?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मला काँक्रीटचा अभ्यास करावा लागला. कोर्टात आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो, घटना केव्हा घडली? वेळ कळली की त्या वेळी तिथे कोण होते, कोणाच्या हाती काय होते, हे आपोआप उलगडत जाते. काँक्रीटच्या भेगेलाही जन्मवेळ असते. ती वेळ ओळखता आली, तर दोष कोणाच्या पदरात टाकायचा हेही ओळखता येते. आणि ही ओळख आपल्या माणसांना असणे आज अत्यंत गरजेचे झाले आहे.

कारण कांजूरमार्ग बदलले आहे. क्रॉम्प्टन ग्रीव्हजसारख्या कारखान्यांच्या भोंग्यावर चालणारा हा भाग आता टॉवरचा झाला आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो ४ चे खांब आहेत, पवईकडून मेट्रो ६ येते आहे. पुनर्वसनाच्या इमारतीही आता वीस-बावीस मजली होतात. एवढे ओझे पेलायचे म्हणजे साधे काँक्रीट चालत नाही. एम-६० याचा अर्थ असा की, दीडशे मिलिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी दाबला, तर दर चौरस मिलिमीटरला ६० न्यूटन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सहाशे किलो भार त्याने सोसला पाहिजे. मुंबईला हे नवीन नाही. २००२ साली खुल्या झालेल्या जे. जे. उड्डाणपुलात एम-७५ काँक्रीट वापरले गेले होते. तंत्र इथे आहे, जाणकार इथे आहेत. आयआयटी तर कांजूरमार्ग स्टेशनवरून रिक्षाच्या अंतरावर आहे. प्रश्न आहे तो हे ज्ञान कोणाच्या इमारतीपर्यंत पोहोचते आणि कोणाच्या इमारतीच्या गेटवरच थांबते, हा.

आता ताकद येते कुठून ते पाहू. काँक्रीटमध्ये पाणी जितके कमी, तितके ते घट्ट आणि ताकदवान. साध्या काँक्रीटमध्ये शंभर किलो सिमेंटला पंचेचाळीस-पन्नास किलो पाणी घालतात. एम-६० मध्ये ते तीस किलोच्या आसपास आणतात आणि रसायन घालून मिश्रण वाहते ठेवतात. पण सिमेंटची तहान त्याहून मोठी आहे. शंभर किलो सिमेंट पूर्ण मुरायचे तर सुमारे तेवीस किलो पाणी रासायनिक क्रियेत बांधले जाते आणि आणखी सुमारे एकोणीस किलो त्या क्रियेतून बनलेल्या पदार्थात अडकून राहते. एकूण बेचाळीस. दिले आहे तीस. मग हे सिमेंट काय करते? आपल्याच पोटातल्या सूक्ष्म छिद्रांतले पाणी ओढून घेते. छिद्रे आतून सुकत जातात, उरलेले पाणी त्यांच्या भिंतींना आत खेचते आणि काँक्रीट आक्रसते. बाहेर ऊन नसले, वारा नसला, वरून प्लास्टिक झाकलेले असले, तरीही आक्रसते. ही क्रिया काँक्रीट घट्ट होऊ लागल्यापासून पहिल्या काही तासांतच सुरू होते आणि पहिल्या काही दिवसांत तिचा जोर असतो. याला स्वयंआकुंचन म्हणतात. साध्या काँक्रीटमध्ये ते नगण्य असते. काँक्रीट जितके ताकदवान, तितके ते वाढते.

त्यात उष्णतेची भर पडते. सिमेंट पाण्याशी भिडले की तापते. जाड भागात दर घनमीटरमधले शंभर किलो सिमेंट तापमान साधारण दहा-बारा अंशांनी चढवते. घनमीटरला साडेचारशे किलो सिमेंट असेल आणि काँक्रीट ओततानाच बत्तीस अंशांवर असेल, तर गाभ्याचे तापमान ऐंशीच्या घरात जाऊ शकते. जाणकार ते सत्तरच्या आत राखायला सांगतात, आणि गाभा व पृष्ठभाग यांच्यात वीस अंशांहून जास्त फरक पडू देऊ नये असे सांगतात. तापलेले काँक्रीट दोन-तीन दिवसांनी थंड होऊ लागते आणि थंड होताना पुन्हा आक्रसते. वीस अंशांच्या उतारात दहा मीटर लांबीची भिंत सुमारे दोन मिलिमीटरने आखडू पाहते. स्वयंआकुंचनाचे आणखी एक-दोन मिलिमीटर त्यात मिळवा. भिंत मोकळी असती तर आखडली असती आणि काही बिघडले नसते. पण ती आधीच घट्ट झालेल्या पायावर उभी आहे. पाया तिला आखडू देत नाही. काँक्रीट दाब सोसण्यात पैलवान आणि ताण सोसण्यात दुबळे. त्याची ताणाची ताकद दाबाच्या ताकदीच्या जेमतेम दहावा हिस्सा असते. शेवटी भिंत ठराविक अंतरावर उभी तडकते. कमिटीच्या फोटोतल्या पट्टीने आखल्यासारख्या भेगा अशाच दिसतात. त्यांची जन्मवेळ पहिला आठवडा.

स्लॅबवरच्या भेगांची कथा वेगळी आहे. त्या तिरप्या, तोकड्या, एकमेकींना समांतर. ताजे काँक्रीट पसरले की त्यातले थोडे पाणी वर येते. त्याने पृष्ठभाग ओला राहतो. ऊन-वाऱ्याने ते उडून जाण्याचा वेग वर येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, की वरचा थर ओला असतानाच सुकून फाटतो. साध्या काँक्रीटला चौरस मीटरमागे ताशी एक किलो पाणी उडणे ही धोक्याची रेषा मानतात. एम-६० मध्ये मुळातच पाणी कमी, आणि सिलिका फ्यूमसारखी बारीक पूड घातली असेल तर वर येणारे पाणी जवळजवळ बंदच. म्हणून त्याची धोक्याची रेषा निम्म्यावर येते. मार्चमध्ये मुंबईत दुपारी कोरडा वारा सुटतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अशा दुपारी मोठा स्लॅब उघडा टाकून सगळे घरी गेले. या भेगांची जन्मवेळ काही तासांचीच. सकाळी सात वाजता ती बाई आली तेव्हा भेगांचा जन्म होऊन गेला होता.

आता "बायांनी पाणी मारले नाही" हे विधान उलटतपासणीला उभे करू. तीन ते पाचच्या दरम्यान तिच्या हाती पाईप दिला असता तर? ताज्या काँक्रीटवर पाईपची धार मारली तर सिमेंट धुऊन जाते, पृष्ठभाग उलट कमजोर होतो. त्या वेळी हवे असते ते धुक्यासारखे तुषार, वाऱ्याला आडोसा, पृष्ठभागावरचे पाणी उडू न देणारा फवारा आणि रंधा फिरवून झाला की लगेच प्लास्टिकचे झाकण. शिवाय काँक्रीट पुरते घट्ट होण्याआधी अनुभवी गवंड्याने पुन्हा एकदा रंधा दाबून फिरवला, तर कोवळी भेग मिटतेही. यातले काहीही एका बिगारी बाईच्या हाती नव्हते. आणि नंतर तिने सिमेंटचे पाणी फिरवले ते हुकमाने. त्याने भेग बुजत नाही, फक्त दिसेनाशी होते.

भिंतीचे म्हणाल, तर तिथे पाईपचा जोर आणखीच कमी. एम-६० इतके घट्ट असते की बाहेरून मारलेले पाणी कातडीपुरते शिरते, गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. पाणी मारायलाच हवे, ते टाळायची मुभा कोणाला नाही, कारण कातडी सुकली तर बाहेरून होणारे आकुंचन वाढते. पण गाभ्याचे आकुंचन आणि उष्णता पाईपने आवरत नाहीत. त्यांचा बंदोबस्त काँक्रीट ओतण्यापूर्वी, टेबलावर, मिश्रणाच्या कागदावर करावा लागतो. म्हणून मी म्हणतो, काँक्रीट जितके ताकदवान, तितका भेगेतला मजुराचा वाटा कमी आणि कागदावर सही करणाऱ्याचा वाटा जास्त.

तो बंदोबस्त काय असतो? पहिला, सिमेंट गरजेपुरतेच घालणे. भारतीय मानक आय. एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने राख आणि स्लॅग सोडून सिमेंटची कमाल मर्यादा घनमीटरला साडेचारशे किलो ठेवली, ती आकुंचन आणि उष्णतेची भीती ओळखूनच. दुसरा, सिमेंटचा काही भाग काढून औष्णिक वीज केंद्राची राख किंवा पोलाद कारखान्याचे स्लॅग घालणे, म्हणजे उष्णता उतरते. सिलिका फ्यूम मात्र जपून वापरायचे, कारण ते ताकद वाढवते तसे स्वयंआकुंचनही वाढवते. तिसरा, गार पाणी किंवा बर्फ घालून काँक्रीट थंड ओतणे, आणि ते संध्याकाळी किंवा रात्री ओतणे. चौथा, आकुंचन घटवणारे रसायन. ते छिद्रांतल्या पाण्याचा पृष्ठताण कमी करते, म्हणून आतली ओढ कमी होते. गंमत अशी की इंजिनिअर लोक या रसायनालाही इंग्रजी आद्याक्षरांनी एस. आर. ए. म्हणतात. आमच्या एस. आर. ए. इमारतींत ते एस. आर. ए. किती वेळा पडते, हे कोणीतरी विचारायला हवे. पाचवा उपाय मला सर्वांत आवडला. पाणी पिऊन बसलेली हलकी सच्छिद्र खडी, किंवा लहान बाळाच्या डायपरमध्ये असते त्या जातीचे पाणी शोषणारे पॉलिमरचे कण मिश्रणातच घालायचे. काँक्रीटच्या पोटात जागोजाग पाण्याच्या घागरी ठेवल्यासारखे. बाहेरचे पाणी जिथे पोहोचत नाही, तिथे या घागरी सिमेंटची तहान भागवतात. शिवाय पॉलिप्रॉपिलिनचे बारीक तंतू घातले तर ताज्या काँक्रीटच्या भेगा आवरतात, आणि लांब भिंत एकसलग न ओतता सांधे ठेवून टप्प्यांनी ओतली तर तिला आखडायला वाव मिळतो.

यातला एकही निर्णय बिगारी घेत नाही, मुकादम घेत नाही. मिश्रण ठरवणारा सल्लागार, प्लँटवाला, साइट इंजिनिअर आणि खर्चाला मान्यता देणारा मालक हे निर्णय घेतात.

मग "क्यूब पास आहेत" याचे काय? हे वाक्य ऐकले की आपली माणसे गप्प होतात, म्हणून ते नीट समजून घ्या. क्यूब म्हणजे काँक्रीट ओतताना भरलेले नमुन्याचे ठोकळे. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून ते हौदात बुडवतात. तिथे सत्तावीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात अठ्ठावीस दिवस ते आरामात पडून राहतात. त्यांना ऊन नाही, वारा नाही. दीडशे मिलिमीटरच्या ठोकळ्यात ऐंशी अंशांची उष्णता साठत नाही. त्याला आखडू न देणारा पायाही नाही. असा क्यूब पास होणारच! क्यूबचा निकाल सांगतो की मिश्रणात ताकद होती. स्लॅबची आणि भिंतीची पहिल्या आठवड्यात काय अवस्था झाली, याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. क्यूब हौदात वाढला आणि स्लॅब उन्हात वाढला. हौदातल्याचे प्रगतिपुस्तक दाखवून उन्हातल्याचा हिशोब मिटवता येत नाही. हे वाक्य आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

कोणी म्हणेल, केसाएवढ्या भेगांचा एवढा बाऊ कशाला? सगळ्या भेगा धोक्याच्या नसतात हे खरेच. आय. एस. ४५६ सर्वसाधारणपणे ०.३ मिलिमीटर रुंदीपर्यंतची भेग चालवून घेते. पण सतत ओलाव्यात किंवा मातीला टेकून असलेल्या भागासाठी ती मर्यादा ०.२ वर येते आणि जास्त मारक हवेत ०.१ वर. कांजूरमार्गच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. खारी हवा आणि पावसाचे पाणी भेगेतून सळईपर्यंत गेले, की सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की वरचे काँक्रीट सोलून टाकते. टॉवरवाला सभासद दुरुस्तीची वर्गणी भरेल. तीनशे चौरस फुटांच्या घरात राहणारी घरकाम करणारी बाई, सफाई कामगार, रिक्षावाला ही वर्गणी कुठून आणणार? ताबा मिळण्यापूर्वी न मिटलेली भेग म्हणजे त्यांच्या मुलांच्या नावावर चढवलेले कर्ज आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी काय करावे ते सांगतो. भेग दिसली की तारीख, जागा, लांबी, रुंदी लिहून फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवा. पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा मोजा, म्हणजे ती वाढते आहे की थांबली आहे हे कळेल. मग लेखी मागणी करा, आणि क्यूबचा अहवाल एवढ्यावर थांबू नका. मिश्रणाचा मंजूर कागद, काँक्रीटच्या प्रत्येक गाडीचे चलन, ओतण्याची सुरुवात व शेवट यांची वेळ, त्या वेळचे काँक्रीटचे तापमान, साचा काढल्याची तारीख आणि क्युरिंगचे रजिस्टर मागा. आय. एस. ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राख-स्लॅग असलेल्या किंवा मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवायचा असतो, आणि मिश्र सिमेंटला तो काळ चौदा दिवसांपर्यंत न्यावा अशी शिफारस आहे. हे दिवस कोणी मोजले, ते कागदावर दिसले पाहिजे. पाण्याच्या टँकरचे, गोणपाटाचे, तुषार यंत्राचे पैसे ठेकेदाराच्या दरात वेगळे धरले होते का, हेही विचारा. ज्या कामाला दरात जागा नाही, त्या कामाला साइटवरही जागा नसते.

पुनर्वसन प्राधिकरणाकडे जमा झालेले कागद माहिती अधिकारात मागता येतात. सरकारी काम असेल तर २००५ च्या त्या कायद्याचे कलम २(जे) कागदांपुरते मर्यादित नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही त्यात आहे. मुंबई महापालिकेने २०२३ पासून रस्त्यांचे प्रचंड काँक्रीटीकरण हाती घेतले. नव्या रस्त्यांवर भेगा दिसल्या, ठेकेदारांना दंड झाले, आयआयटीला त्रयस्थ तपासणीस नेमावे लागले. रस्त्याच्या भेगेसाठी आयआयटी येते, तर गरिबाच्या पोडियमसाठी निदान एक तापमापक यावा, ही मागणी अवाजवी नाही. विक्रीचा फ्लॅट घेतलेल्याला रेरा कायद्याच्या कलम १४(३) चा आधार आहे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर बिल्डरने तीस दिवसांत तो फुकट दूर करायचा आहे. पुनर्वसनाच्या रहिवाशाने आपली तक्रार प्राधिकरणाकडे, आणि ताबा घेण्यापूर्वी नोंदवावी, हे उत्तम.

राहिला मजुरीचा प्रश्न. नुकसानीच्या नावाखाली मजुरी कापण्यापूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होते आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. त्या बाईला कोणी काही विचारलेच नव्हते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा त्यांच्या खात्यात मजुरांबरोबर पाटबंधारे, वीज आणि सार्वजनिक बांधकामही होते. धरण आणि धरणावरचा मजूर एकाच टेबलावर पाहण्याची ती दृष्टी होती. आज काँक्रीटची फाईल एका टेबलावर आणि मजुराची दुसऱ्या टेबलावर असते, आणि दोष मात्र पहिल्या टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकवला जातो.

कमिटीने पत्र दिले. त्यात "बायांच्या हलगर्जीपणामुळे" हा शब्दप्रयोग आम्ही खोडून काढला आणि भेगांच्या दोन जाती, त्यांच्या दोन जन्मवेळा आणि मागितलेले कागद, एवढेच लिहिले. दोन्ही बायांची कापलेली मजुरी पंधरा दिवसांत परत मिळाली. कागद मात्र अर्धेच आले आहेत. तापमानाची नोंद आणि क्युरिंगचे रजिस्टर अजून "शोधणे चालू आहे". आम्ही मागणी सोडलेली नाही.

पुढचा स्लॅब पाहायला मी कमिटीसोबत गेलो. काम संध्याकाळी सहाला सुरू झाले. गोणपाट आणि प्लास्टिकचे ताव आधीच आणून ठेवले होते, एका बाजूला तुषाराचा पंपही होता. ती जालन्याची ताई तिथेच होती. तिला या वेळी रात्रपाळीला बोलावले होते, रात्रपाळीच्या दराने. सकाळी तिचा फोन आला.

"साहेब, झाकण काढून बघितलं. रेघ न्हाई."

अजून बरेच मजले व्हायचे आहेत. प्रत्येक मजल्याला ही नोंद ठेवायची आहे, आणि ती आपणच ठेवायची आहे.